बोलावलेला घोडा कुणाच्या हुकमात?

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, बोलत आणि फासे टाकत खेळायचा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक खेळाडू एकेक पात्र चालवतो. उरलेलं सगळं जग, म्हणजे गावं, राक्षस, पाऊसपाणी, देवसुद्धा, एकटा डीएम, म्हणजे डंजन मास्टर, चालवतो. नियमांची पुस्तकं जाडजूड आहेत, पण टेबलावर घडणारं सगळं त्यांत मावत नाही. जे मावत नाही ते डीएमच्या विवेकावर सोडलेलं असतं. हा विवेक कुठे चालवावा आणि कुठे थांबवावा, याची सगळ्यात कठीण परीक्षा मला मंत्राने बोलावलेल्या घोड्यात दिसते. हा घोडा खेळाडूच्या कागदावर नोंदलेला असतो, कारण त्याने त्यासाठी आपल्या पात्राची मंत्रशक्ती, खेळाच्या भाषेत ‘स्लॉट’, खर्च केलेली असते. तोच घोडा डीएमच्या जगातला एक जीवही असतो, कारण त्याला बुद्धी असते आणि भाषा कळते. लगामावर दोघांचाही हात असतो.

पुढच्या संवादातली ताई आणि तिचा मावसभाऊ कल्पित आहेत. त्यांच्यातला वाद मात्र खरा आहे, आणि तो बऱ्याच टेबलांवर कधी ना कधी होतो. ताई डीएम आहे. भाऊ पॅलाडिन खेळतो, म्हणजे शपथेने बांधलेला धर्मयोद्धा. त्यांचा खेळ २०१४ च्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांवर चालतो. भाऊचा पॅलाडिन नुकताच पाचव्या लेव्हलला पोचला आणि त्याला ‘फाइंड स्टीड’ हा वाहन बोलावण्याचा मंत्र मिळाला. त्याने राक्षसी गरुड मागितला, तो ताईने दिला नाही. मग त्याने वॉरहॉर्स घेतला. नंतरच्या खेळात हा घोडा एका थडग्याच्या दारात अडून बसला.

भाऊ: ताई, मला राग आलेला नाही, पण काल झालं ते पटलेलंही नाही. गरुडाला तू नाही म्हणालीस, मी घोडा घेतला. काल त्या थडग्याच्या दारात तू सरळ सांगून टाकलंस, ‘घोडा आत यायला तयार नाही.’ फासा टाकायला सांगितलं नाहीस, मला काही विचारलंही नाहीस. मग मंत्र घेऊन मी मिळवलं काय?

ताई: एक जीव मिळवलास. मंत्र काय सांगतो ते आठव. येणारा प्राणी हा घोड्याचं रूप घेतलेला आत्मा असतो. स्वर्गीय, परीलोकातला किंवा पाताळातला, तू निवडशील तो. साध्या वॉरहॉर्सची बुद्धी २ असते, याची ६ होते. तुला येणारी एक भाषा त्याला समजते. एवढी समज असलेला प्राणी मेलेल्यांच्या दारात थबकला, तर त्यात वावगं काय? तो निमूटपणे आत शिरला असता, तर माझं ते थडगं कुणाला भयंकर वाटलं असतं?

भाऊ: समज आहे हे मान्य. पण त्याच मंत्रात असंही लिहिलंय की आमच्या दोघांत उपजत नातं असतं आणि लढताना आम्ही एकजीव होऊन लढतो. एक मैलाच्या आत असलो तर मनातल्या मनात बोलू शकतो. तू त्याच्या बुद्धीचं वाक्य वापरलंस आणि नात्याचं वाक्य बाजूला ठेवलंस.

ताई: बाजूला नाही ठेवलं. स्वार होऊन लढण्याचे नियम वेगळ्या प्रकरणात आहेत, तेही बघायला हवेत. तिथे दोन प्रकारची वाहनं आहेत. एक ताब्यातलं वाहन. ते तुझ्या पाळीला चालतं आणि तीनच गोष्टी करू शकतं: धाव घेणं, शत्रूच्या टप्प्यातून सुटणं, वार चुकवणं. दुसरं स्वतंत्र वाहन. ते आपल्या पाळीला, आपल्या मनाने वागतं. ताब्यात ठेवता येतं ते स्वार पाठीवर घ्यायला शिकवलेलं जनावर. ड्रॅगनसारखे बुद्धिमान प्राणी मात्र स्वतंत्र वागतात, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. आता तुझा ६ बुद्धीचा घोडा यांतल्या कुठल्या रकान्यात बसतो, हे पुस्तक सांगत नाही. तिथे मला ठरवावंच लागतं.

भाऊ: ठरवावं लागतं, कबूल. पण ते तू कधी ठरवलंस? मी खोगिरावर बसून दारात पोचल्यावर. तो स्वतंत्र आहे असं तू मला मंत्र निवडतानाच सांगितलं असतंस, तर मी विचार केला असता. कदाचित तरीही घेतला असता, कारण स्वतंत्र वाहन स्वतःच्या पाळीला चावतं, लाथा मारतं, त्याचाही फायदा असतो. तू मला फायदा ताब्यातल्या घोड्याचाच दिलास आणि तोटा स्वतंत्र घोड्याचा.

ताई: हे मात्र खरं आहे. मागच्या दोन लढायांत मी तुझा घोडा ताब्यातला धरूनच चालवला होता.

भाऊ: माझी तक्रार तेवढीच आहे. तुला अधिकार नाही, असं मी म्हणतच नाही. २०२४ च्या नव्या पुस्तकात तर हा वादच मिटवलाय. आपण स्वार असेपर्यंत घोडा ताब्यातला, आपण बेशुद्ध पडलो किंवा क्रिया करू शकत नसलो तर तो स्वतंत्र. तेव्हा आपल्या पाळीनंतर लगेच त्याची पाळी. मंत्र म्हणायला पूर्वी दहा मिनिटं लागायची, आता एका क्रियेत होतो. पाचव्या लेव्हलला पॅलाडिनला हा मंत्र आपोआप मिळतो, आणि मोठ्या विश्रांतीमागे एकदा फुकट म्हणता येतो. आपण त्याच नियमांवर का जात नाही?

ताई: जाऊ या, तुम्हा सगळ्यांना हवं असेल तर. पण त्या पुस्तकाने वाद मिटवताना काय दिलं आणि काय घेतलं, तेही बघ. २०१४ मध्ये पाच प्राण्यांची नावं आहेत: वॉरहॉर्स, तट्टू, उंट, एल्क नावाचं मोठं सांबर आणि मॅस्टिफ कुत्रा. प्रत्येकाचे आकडे वेगळे. वॉरहॉर्सचे हिट पॉइंट्स, म्हणजे घाव सोसायची ताकद, १९, मॅस्टिफचे फक्त ५. म्हणून ही निवड खरीखुरी निवड होती. तुझ्यासारख्या उंच माणसाला मॅस्टिफवर बसता येत नाही, कारण वाहन स्वारापेक्षा किमान एक माप मोठं लागतं. पण एखादा बुटका हाफलिंग पॅलाडिन मॅस्टिफवर बसला, की पाच फुटी बोळातून सरळ निघून जातो. त्याच बोळात तुझा घोडा अंग चोरून, निम्म्या वेगाने चालतो आणि वार करताना अडखळतो. हाफलिंगने नाजूक कुत्रा पत्करला, त्याबदल्यात त्याला वाट मिळाली. नव्या पुस्तकात घोडा म्हण, उंट म्हण, लांडगा म्हण, सगळ्यांना एकच आकडे आणि सगळ्यांचं माप एकच, मोठं. रूप तुझ्या पसंतीचं, आत जीव एकच.

भाऊ: त्यामुळेच रूप मागताना तुझी परवानगी लागत नाही. तो काय लहान फायदा आहे? मला गरुड दिसायला हवा होता, तर दिसला असता. नुसता दिसला असता, हेही मला चाललं असतं.

ताई: आणि उडण्याचं काय?

भाऊ: ते चौथ्या लेव्हलच्या स्लॉटशिवाय नाही, माहीत आहे. पण एक प्रश्न मला अजून छळतो. आपल्या चमूतली जादूगार पाचव्या लेव्हलला ‘फ्लाय’ मंत्र म्हणते आणि साठ फुटांच्या वेगाने उडते. माझ्या पॅलाडिनने त्याच लेव्हलला गरुड मागितला तर जग कोसळतं का?

ताई: तिचं उडणं दहा मिनिटांचं असतं. तेवढा वेळ तिला मन एकाग्र ठेवावं लागतं, मधे एखादा घाव बसला तर ती खाली पडू शकते. तुझा गरुड मरेपर्यंत राहिला असता, रोज, दिवसभर, ऐंशी फुटांच्या वेगाने. २०१७ मध्ये आलेल्या ‘झॅनाथर्स गाइड’मध्ये उडणारी वाहनं आहेत, ग्रिफन आहे, पेगासस आहे. पण त्यांना बोलावणारा मंत्र चौथ्या लेव्हलचा आहे. मंत्राची लेव्हल पात्राच्या लेव्हलहून वेगळी, म्हणून पॅलाडिनच्या हाती तो तेराव्या लेव्हलला येतो. दोन वेगळ्या पुस्तकांनी कायमच्या उडत्या वाहनाची किंमत तेवढीच ठेवली आहे. मी त्या किमतीला चिकटून राहिले. शिवाय मूळ मंत्रात लिहिलंय की इतर प्राण्यांना डीएम परवानगी देऊ शकतो. देऊ शकतो, दिलीच पाहिजे असं नाही.

भाऊ: म्हणून गरुडाच्या नकाराबद्दल मी भांडलो नाही. तू आधी सांगितलंस, कारण सांगितलंस, आणि माझ्या हातात दुसरी निवड करायला वेळ होता. थडग्याच्या दारात यातलं काहीच नव्हतं.

ताई: मग मी तुला माझी बाजू नीट सांगते, कारण ती फक्त कालच्या दारापुरती नाही. हा खेळ डीएमच्या विवेकातूनच जन्मलाय. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून रायस्विट्झचा युद्धखेळ चालायचा. नकाशा, ठोकळे, फासे, कोष्टकं आणि मधोमध एक पंच. पुढे त्याचे नियम इतके वाढले की पंचाचा जीव कोष्टकं चाळण्यातच जायचा. १८७६ मध्ये व्हर्डी दु व्हर्नवा या अधिकाऱ्याने म्हटलं, कोष्टकं बाजूला ठेवा, अनुभवी पंचाला ठरवू द्या. अमेरिकेत १८८० मध्ये चार्ल्स टॉटनचं ‘स्ट्रॅटेगोस’ आलं, त्यातही पंचाला मोठा अधिकार होता. ते जुनं पुस्तक मिनेसोटातल्या डेव्हिड वेस्लीने वाचलं आणि १९६९ मध्ये ‘ब्राऊनस्टाइन’ नावाचा खेळ घेतला. त्यात प्रत्येकाला एकेक माणूस चालवायला दिला, आणि नियमात नसलेलं काहीही करून बघायची मुभा दिली. त्या खेळातला एक खेळाडू डेव्ह आर्नेसन. त्याने ‘ब्लॅकमूर’ उभं केलं, आणि गॅरी गायगॅक्सबरोबर डंजन्स अँड ड्रॅगन्स. ‘नियमात नाही, पण मी करून बघतो’ असं तू दर आठवड्याला म्हणतोस. ते म्हणता येतं, कारण समोर ठरवणारा माणूस बसलेला असतो. माझा विवेक काढून घेतलास, तर तुझी मोकळीकही त्याच्याबरोबर जाईल.

भाऊ: हे मला मनापासून पटतं. पण त्या प्रशियन पंचात आणि तुझ्यात एक फरक आहे, ताई. त्याने खरी लढाई पाहिलेली असायची. चिखलात तोफ किती वेळ रुतते, दमलेली तुकडी चढ चढते की नाही, हे त्याला कोष्टकापेक्षा चांगलं ठाऊक होतं. म्हणून त्याचा शब्द कोष्टकापेक्षा वरचा. स्वर्गातून आलेला घोडा थडग्याला भितो की नाही, हे कुणी पाहिलंय? तू नाही, मी नाही, पुस्तक लिहिणाऱ्यानेही नाही. त्या घोड्याबद्दल जे काही खरं आहे, ते आपल्या टेबलावर बोललं गेलं म्हणूनच खरं आहे. तिथे तुझ्या शब्दाचं वजन अनुभवातून येत नाही. आपण सगळ्यांनी आधी मिळून जे मानलं, त्यातून येतं. आधी न मानलेली गोष्ट तू ऐनवेळी सत्य म्हणून मांडलीस, तर तो पंचाचा विवेक उरत नाही. ती नुसती इच्छा होते.

ताई: हा मुद्दा मोठा आहे. त्याला मला लगेच उत्तर सुचत नाही. पण एक सांग. तू म्हणतोस तसं प्रत्येक गोष्ट आधी मान्य करून घ्यायची, तर खेळात अनपेक्षित काही उरेल का? गायगॅक्सच्या १९७९ च्या डीएमच्या पुस्तकातला घोड्याचा नियम मी तुला सांगते. तेव्हा चौथ्या लेव्हलला पोचलेला पॅलाडिन घोड्याला साद घालायचा, आणि घोडा समोर यायचा नाही. तो फक्त मनश्चक्षूंना दिसायचा, कुठेतरी दूर. मग पॅलाडिनने प्रवास करून तिथे जायचं. घोडा रानटी असेल तर पकडायचा. एखादा दुष्ट योद्धा त्याच्यावर पहारा देत असेल, तर त्याला द्वंद्वात हरवायचं. त्या नियमात घोडा मिळवणं हीच गोष्ट होती, आणि ती सगळी डीएमच्या हातात होती. तुमच्या दहा मिनिटांच्या मंत्रात ती गोष्टच गेली.

भाऊ: तो नियम मीही वाचलाय, आणि मला त्यात दुसरंच दिसतं. त्यात डीएमवर किती बंधनं आहेत ते बघ. साधारणपणे सात दिवसांच्या रपेटीपेक्षा लांब नाही. घोडा मिळवणं अशक्य नसावं. दुष्ट योद्धा असलाच तर तो पॅलाडिनच्याच लेव्हलचा. सगळं मिळून काही दिवस, कदाचित दोन किंवा जास्त आठवडे. आणि एकदा मिळाला की घोड्याला आपलं काम आणि आपलं नातं कळतं, तो दहा वर्षं इमानाने सेवा करतो. गायगॅक्सने डीएमला सगळा विवेक घोडा येण्याआधी दिला, आणि आल्यानंतरचं वचन खेळाडूला दिलं. काल तू नेमकं उलट केलंस. येताना काहीच मागितलं नाहीस, आणि आल्यावर वचन मोडलंस.

ताई: थांब, हे मला पुन्हा नीट बघू दे. घोडा येण्याआधी विवेक, आल्यानंतर वचन. हो, तसंच लिहिलंय. मी इतके दिवस तो नियम डीएमच्या अमर्याद अधिकाराचा पुरावा म्हणून सांगत आले. पण त्यात ‘अशक्य नसावं’ हे शब्द डीएमसाठीच आहेत. खेळाडू काही डीएमचं पुस्तक वाचणार नव्हता.

भाऊ: मग माझं म्हणणं मान्य?

ताई: अर्धं मान्य. उरलेलं अर्धं असं. २००३ च्या साडेतीन आवृत्तीत काय झालं? पॅलाडिन दिवसातून एकदा घोडा बोलावू शकतो, प्रत्येक लेव्हलमागे दोन तास. पाचव्या लेव्हलला दहा तास. हवा तेव्हा प्रकट, नको तेव्हा स्वर्गात परत. घोड्याला तळघरात कसं न्यायचं, बाहेर कुणाच्या भरवशावर बांधायचं, असे सगळे प्रश्न संपले. मेला तर तीस दिवस थांबायचं, तेवढ्या काळात हल्ल्याला आणि इजेला एकेक वजा. सोय उत्तम झाली. पण तो घोडा कुणाला आठवतो? त्याचं नाव कुणी ठेवलं? प्राणी बोलावण्याच्या ‘कन्जुअर ॲनिमल्स’ मंत्राचंही तसंच झालं. २०१४ मध्ये प्राण्यांची संख्या आणि ताकद खेळाडूने निवडायची आणि कोणते प्राणी येणार ते डीएमने ठरवायचं, असा अधिकृत खुलासा होता. त्या प्रकारच्या मंत्रांतून खेळाडू आठ पिक्सी, म्हणजे चिमुकल्या पऱ्या, मागायचे, आणि त्यांच्या जादूने सगळा चमू उडायला लागायचा. म्हणून डीएमने हात आखडला. मग स्लॉट खर्च करून काय येणार हेच कळत नाही, म्हणून खेळाडू वैतागले. २०२४ मध्ये काय उरलं? प्राण्यांच्या आत्म्यांचा एक धूसर कळप. त्यात एकही लांडगा लांडगा नाही. मला याचा अर्थ असा दिसतो: आपण टेबलावर एकमेकांवर विश्वास ठेवू शकलो नाही, की पुस्तक तो वाद मिटवायला येतं, आणि जाताना जिवंत प्राणी घेऊन जातं.

भाऊ: म्हणजे तुझ्या मते दोष दोघांचाही.

ताई: दोघांचाही. डीएम ऐनवेळी अडवतो, खेळाडू पळवाटा शोधतो. दोन्हीकडून जीव जातो तो घोड्याचा. तुला इच्छा नसलेलं वाहन हवं असतं, तर खेळात ते आहेच. जादूगाराचा ‘फँटम स्टीड’ बघ. अर्धवट खरा घोडा, तासभर टिकणारा, शंभर फुटांच्या वेगाचा, पहिल्या घावाला विरून जाणारा. त्याला मन नाही, त्याच्याबद्दल कधी वाद होत नाही. पॅलाडिनचा घोडा मुद्दाम वेगळा केलाय. त्याचं वेगळेपण जपायचं माझ्या मनात होतं, हे तुला कळावं एवढीच इच्छा.

भाऊ: कळतंय. मला तो वेगळेपणा नकोय असं नाहीच, ताई. मी घोड्याचं नाव ठेवलंय, त्याचा रंग कागदावर लिहिलाय. पण मराठ्यांच्या फौजेत बारगीर आणि शिलेदार असायचे, तसा हा प्रश्न आहे. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला. पडला तर सरकार दुसरा देणार, म्हणून घोड्यावर हुकूमही सरकारचा. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन यायचा, नफा-तोटा त्याचा. तू मला सांग, मी कोण? मी स्लॉट खर्च करतो, दहा मिनिटं बसून मंत्र म्हणतो, घोडा मेला तर तोच पुन्हा बोलावतो. मला मी शिलेदार वाटतो. काल तू मला बारगीर केलंस.

ताई: आणि मी म्हणेन की घोडा तुझ्या देवाने दिलाय, म्हणजे पागा देवाची. देव मी चालवते. पण ऐकताना माझ्या लक्षात येतंय की इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घोडा तुझ्या हुकमात किती, हे शिलेदारीचं, ते तुझं. घोड्याला काय दिसतं, काय वास येतो, कशाची भीती वाटते, हे जगाचं, ते माझं. माझी गफलत इथे होती की माझ्या हातातलं मी तुझ्या हातातल्यावर लादलं. घोड्याला भीती वाटणं माझं होतं, त्याने थांबणं तुझं.

भाऊ: आणि भीती वाटली तर ती मला कळायला हवी होती. आम्ही मनाने बोलू शकतो ना? घोडा म्हणू शकला असता, ‘आत तीन जण आहेत, त्यांच्यातल्या एकाने मला पाहिलंय.’ तू मला तेवढं दिलं असतंस, तर मी कदाचित स्वतःच त्याला बाहेर ठेवलं असतं. मला त्रास नकाराचा झाला नाही. त्या नकाराने मला काहीच सांगितलं नाही, याचा झाला.

ताई: हे मला सगळ्यात पटलं. डीएमच्या विवेकाने खेळाडूच्या हातात काहीतरी ठेवलं पाहिजे. माहिती, इशारा, नवी अडचण, नवा मार्ग, काहीही. नुसतं दार बंद करून हात रिकामे ठेवायचे असतील, तर विवेक वापरूच नये. तेव्हा पुस्तकच बरं.

भाऊ: मग आपल्या टेबलापुरतं ठरवू या. मंत्र निवडताना घोडा ताब्यातला की स्वतंत्र, हे तू सांगायचं, आणि ते पूर्ण मोहिमेत तसंच राहणार.

ताई: ठरलं. तुझा ताब्यातलाच राहू दे, दोन लढायांत तसाच चाललाय. पण घोड्याला जे जाणवेल ते मी तुला सांगत जाणार, आणि तू ते कानाआड केलंस तर जग त्याप्रमाणे उत्तर देणार. घोड्याने सांगितलेला धोका खरा असेल, तो नुसता धाक नसेल, हे माझं वचन. कालचा प्रसंग आपण दारापासूनच पुन्हा घेऊ. घोडा त्याला काय दिसलं ते तुला सांगेल, आत न्यायचं की नाही ते तू ठरव.

भाऊ: आणि दिसण्याचं? मला पांढऱ्या घोड्याऐवजी एल्क हवा असेल तर?

ताई: एल्क यादीतच आहे, त्याला माझी परवानगीच लागत नाही. हिट पॉइंट्स १३, घोड्यापेक्षा कमी, तेवढं मात्र लक्षात ठेव. आणि यादीबाहेरचं काही मागशील तर आधी माग, मी आकडे बघून, कारणासकट उत्तर देईन. चमूत सगळ्यांच्या समोर देईन. घोड्याबद्दल आपण दोघं जे ठरवू, ते जादूगारालाही माहीत हवं; उद्या तीही काहीतरी बोलावणार आहे.

भाऊ: ताई, एक गोष्ट उरलीय, आणि ती मीच मागतो. साडेतीन आवृत्तीत पॅलाडिनने शपथ मोडली की घोड्याची सेवा संपायची. आपल्या पुस्तकात तसं काही लिहिलेलं नाही. आपल्या टेबलावर ते असू दे. माझ्या पॅलाडिनने निरपराध माणसाला मारलं, किंवा दिलेला शब्द विकला, तर घोडा पाठीवर घेणार नाही. तेव्हा फासा मागू नकोस, मलाही विचारू नकोस.

ताई: तेव्हा तू भांडणार नाहीस?

भाऊ: नाही. तेव्हा तू ऐनवेळी काही ठरवलेलं नसेल. ते आज आपण दोघांनी ठरवलंय.